पालथी रोटी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू तुझ्या उझबेकिस्तानच्या प्रवासाचा, ताश्कंद, समरकंद, बुखाऱ्याचा तो कागद दाखवलास. चौदा दिवसांची तासातासाची आखणी, कुठल्या घुमटावर किती वाजता ऊन पडतं तेसुद्धा लिहिलंय. त्यात माणसं मात्र कुठे दिसली नाहीत. तोंडावर बोलले असते तर "आई, तू तर टूरनं गेली होतीस" म्हणून उडवून लावलं असतंस. म्हणून लिहितेय.

टूरनंच गेले होते, खरं आहे. बेचाळीस माणसं, सगळी कोल्हापूर-सांगली-पुण्याची, आणि सोबत स्वयंपाकाला महाराज. सकाळी पोहे, रात्री वरणभात. समरकंदच्या रेगिस्तान चौकात उभं राहून उलुगबेग सुलतानाचा मदरसा बघायचा, तो १४२० साली पुरा झाला हे ऐकायचं, आणि बसमध्ये येऊन चकलीचा डबा फिरवायचा. पाच दिवसांत उझबेक माणूस म्हणून जवळून पाहिला तो आमचा ड्रायव्हर. त्याला कुणी नाव विचारलं नाही. मीही नाही. हे अजून टोचतं.

सहाव्या दिवशी पहाटे मला जाग आली. बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलेल्या बाईला साडेपाचला जाग येणारच, देश कुठलाही असो. बस नऊला होती. बीबी खानमच्या मशिदीला लागूनच सियोब बाजार आहे, तिथे एकटी चालत गेले. आधी भाजीच्या रांगेत शिरले आणि एका पोराला ऐटीत म्हटलं, "सब्जी?" त्यानं गाजरं पुढे केली. मी मान हलवून पुन्हा "सब्जी" म्हटलं, त्यानं आणखी गाजरं दिली. तिकडे गाजरालाच सब्जी म्हणतात, हे नंतर कळलं. त्या दिवशी मी दीड किलो गाजरं घेऊन समरकंद पाहिलं.

पुढे रोट्यांची रांग. तिथे रोटीला नोन म्हणतात. समरकंदची नोन जाडजूड, वजनदार, वर तकाकी, मधोमध सुयांच्या शिक्क्यानं टोचलेली नक्षी. त्या शिक्क्याला चेकिच म्हणतात. मधला भाग टोचला की तो फुगत नाही, कडा तेवढ्या फुगतात. म्हणजे आपल्याला पोळी फुगायला हवी आणि त्यांना मधोमध फुगायला नको! मी एक नोन उचलली, खालची बाजू नीट भाजलीय का बघायला उलटी केली, आणि तशीच पालथी ठेवली. माझी सवयच ती. पलीकडच्या बाईनं "वोय!" म्हणून ती झटकन सुलटी केली आणि छातीवर हात ठेवला. त्यांच्यात रोटी पालथी ठेवत नाहीत, सुरीनं कापत नाहीत, हातानं मोडतात. मी कान पकडले. कान पकडणं तिला कळलं की नाही कोण जाणे, पण ती हसली. पुढचे सगळे दात सोन्याचे.

"हिंदिस्तॉन?" तिनं विचारलं. मी हो म्हणताच "राज कपूर!" तुम्ही पोरं यावर तोंड वाकडं करता. करू नकोस. १९५४ साली 'आवारा' सोव्हिएत संघात लागला तेव्हापासून ते नाव त्या घरांतून फिरतंय. गाणं येत नसेल तर बाबांकडून आत्ताच शिकून घे. सूर जाऊ दे, शब्द तरी पाठ हवेत.

राज कपूर मात्र दोन मिनिटं पुरला. पुढे काय बोलायचं? तेवढ्यात तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग दिसले. तंदूरच्या आतल्या भिंतीला रोटी थापताना होतात तसे. मी बाही वर करून माझे दाखवले, तव्याचे. तिनं माझा हात धरून बोटानं एकेक डाग मोजला आणि स्टूल पुढे सरकवला. शेजारणींना हाक मारून तिनं माझा हात दाखवलासुद्धा. मुक्ता, पाच दिवसांत मला पहिल्यांदाच तिथे कुणी बस म्हटलं.

चहा आला, हिरवा, दुधाशिवाय. प्याल्याला ते पियोला म्हणतात. आधी तिनं थोडा ओतून परत किटलीत घातला, असं तीनदा केलं. मग मला दिला तो अर्धाच. मला वाटलं, कटिंग देतेय. मी खुणेनं सांगितलं, पूर्ण भर की! शेजारणी खो खो हसल्या. तिच्या नातवानं मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. अर्धा प्याला म्हणजे पाहुणा हवासा आहे, पुन्हापुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरला तर समजायचं, आता उठा. म्हणजे मीच मला हाकलून दे म्हणत होते.

मग प्रश्न सुरू झाले. वय किती, मुलं किती, मुलगी लग्नाची का राहिली. हो, तुझं लग्न समरकंदच्या बाजारात निघालं होतं. तुलाही विचारतील, ताश्कंदच्या मेट्रोतसुद्धा. इथे मावशीनं विचारलं की तू खोलीत निघून जातेस. तिथे जाऊ नकोस. त्या प्रश्नांत खोचकपणा नसतो, तुला कुठे बसवायचं ते त्या ठरवत असतात. तूही उलट विचार, त्यांना आवडतं.

भाषेचं फार मनावर घेऊ नकोस. बोझोर, दोकोन, हिसोब, दोस्त, तरवूझ, असं म्हणत गेलीस तर अर्धं काम होईल. तरवूझ म्हणजे आपलं टरबूज, ते काही तुला समजवायला नको. आभाराला रहमत, आणि म्हणताना उजवा हात छातीवर. मांस नको तर "गोश्तसिझ" म्हण, पण सूपला ते लावू नकोस, रस्सा मांसाचाच असतो आणि त्यांना तो मांसात मोजावासा वाटत नाही. तिथे नोन, टोमॅटो आणि दही खा. घरी बोलावलं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, चप्पल दारात. संध्याकाळी एकटीनं अनोळखी घरी जायचं नाही, हे मी समरकंदसाठीही म्हणतेय आणि सांगलीसाठीही. फोटो आधी काढून मग हसायचं, असं करू नकोस. आधी बसून घे.

बाबा म्हणतात, ताश्कंदला शास्त्रीजींचा पुतळा आहे, तिथे फूल वाहा. ११ जानेवारी १९६६ ला ते तिथेच गेले, आजोबा त्या दिवशी जेवले नव्हते. एखादं म्हातारं माणूस भेटलं तर त्यालाही विचार, तेव्हाचं काय आठवतं.

त्या बाईचं नाव मी विचारलं, पण लिहून घेतलं नाही, आणि आता आठवत नाही. पावणेनऊ झाले होते, पळत निघाले. तिनं नोनचे पैसे घेतले नाहीत. मी गाजरं तिच्याकडेच ठेवून आले, काय करणार होते मी त्यांचं! निघताना नातवानं मोबाइलवर आणखी एक गोष्ट दाखवली. घरातलं कुणी लांब निघालं की ते नोनचा एक घास तोडून खातं, आणि उरलेली नोन घरात टांगून ठेवतात, माणूस परत येऊन ती संपवेपर्यंत.

तर शुक्रवारी निघताना दही-साखर तर देईनच, पण त्याआधी भाकरीचा एक घास तोड. उरलेली टांगायची कुठे ते माझं मी बघते. बाबांनी मुंग्यांचं आत्ताच विचारलंय.

तुझी,
आई