आमच्या रायफलची नळी वाचवणाऱ्या अण्णांना

सोलापूर

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. "ते राहू द्या मॅडम, पोरांचा नेम कसा चाललाय ते सांगा," म्हणता आणि माझं बोलणं तिथंच अडतं. म्हणून हे उघड पत्र. दुसरंही कारण आहे. लातूर, धाराशिव, कलबुर्गीकडचे ओळखीचे नेमबाज आणि प्रशिक्षक मला विचारतात, की त्या जुन्या पॉइंट टू-टू (.२२ इंच नळीच्या) रायफलला तुम्ही नेमकं केलंत काय, नळी साफ कशी केलीत आणि आतून लेप कसला दिलात? त्यांनाही उत्तर मिळेल आणि ते कुणामुळे मिळालं हेही कळेल.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या रेंजवर पालक मुलांना घेऊन यायला लागले. मुलं वाढली, रायफल तीच राहिली. एकाच नळीतून कितीतरी जणांचे राउंड, त्यातही जी मिळतील ती निरनिराळ्या कंपन्यांची काडतुसं. हळूहळू ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, पसरायला लागला. चार गोळ्या नीट एकत्र लागायच्या आणि पाचवी उगाच आठच्या वर्तुळात जायची. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, गोळीचा स्वतःचा व्यास ५.६ च्या आसपास. तिथं अशी एक भरकटलेली गोळी मुलाचा आत्मविश्वास खाऊन टाकते. मुलं स्वतःलाच दोष द्यायला लागली होती, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं. बाहेरगावच्या एका दुकानात विचारलं तर "बॅरल संपली, बदला" एवढंच उत्तर मिळालं. परदेशी मॅच बॅरल मागवायची आमची ऐपत नव्हती.

तेव्हा तुम्ही आलात. पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, म्हणून आयुष्य घालवलेला माणूस निवृत्तीनंतर पुन्हा कशाला ग्रीस-तेलात हात घालेल, असं मला वाटलं होतं. तुम्ही पिशवीतून ॲप्रन काढलात आणि रायफल न मागता आधी आमचा नळी साफ करायचा क्लीनिंग रॉड मागितलात. तीन तुकडे जोडून होणारा ॲल्युमिनियमचा रॉड बोटांनी चाचपून बाजूला ठेवलात. त्याचे सांधे नळीच्या आतले पीळदार आटे घासतात, मऊ धातूत धूळ आणि कचरा रुततो आणि तोच पुढे नळीवर ओढला जातो, हे तुम्ही मुलांना समोर बसवून दाखवलंत. मग भिंगातून मझलचा, म्हणजे नळीच्या तोंडाचा, क्राउन (तिथली कड) पाहिलात. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे, कडेला एका बाजूनं ओरखडा असेल तर गोळी तिथंच डगमगते. क्राउन सुदैवानं शाबूत होता. "नळी जिवंत आहे," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते तुम्ही पाहिलंच.

मोबाईलला जोडायचा बोअरस्कोप, नळीच्या आत पाहायचा बारीक कॅमेरा, आत सरकवल्यावर रोग दिसला. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपतो आणि आटे सुरू होतात तिथं, नळीच्या गळ्यात, काजळीचं काळं, कडक कडं बसलं होतं. त्याच्या पुढे शिशाच्या करड्या रेघा. नेमबाजीच्या टू-टूच्या गोळीवर तांब्याचं कवच नसतं, उघडं शिसं आणि वर मेणाचा हात असतो. अशी मऊ गोळी त्या कड्यातून जाताना एका अंगानं खरवडली जाते आणि भरकटते. शिवाय या काडतुसांच्या कडेत जो पेटता मसाला असतो, त्यात अनेक कंपन्या काचेची बारीक पूड घालतात. म्हणजे नळीत जे साचतं त्यात कुरुंदासारखं घासणारंही काही असतं. कोरड्या नळीत जोरजोरात ब्रश मारायचा नाही, यामागचं कारण तुमच्यामुळे आमच्या मुलांना पाठ आहे.

गड्ड्याच्या दिवसांत मुलं यात्रेत होती, रेंज रिकामी होती. तो वेळ तुम्ही साधलात. नळीत मागच्या बाजूनं रॉड सरळ धरणारं बोअर गाइड बसवून एकसंध रॉड घातलात. काजळी सोडवणारं सॉल्व्हंट लावायचं आणि थांबायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा थांबायचं. ब्रश फक्त कड्यापुरता. पॅच (चिंधीचा तुकडा) मागून आत जाणार, मझलला बाहेर आला की तिथंच काढायचा, मळलेली चिंधी परत मागे ओढायची नाही. मी घाई केली की तुम्ही म्हणायचात, "आधी लोखंड दिसू दे." त्या बसण्या-थांबण्यात तुम्ही थ्री-नॉट-थ्रीच्या काळातल्या गोष्टी सांगितल्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेट नावाच्या रसायनापासून नळीत एक क्षार उरायचा. तो हवेतला ओलावा ओढतो आणि एका रात्रीत गंज धरतो. तेलानं तो विरघळत नाही, म्हणून आधी उकळतं पाणी, मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी, मग तेल. पुढे सेल्फ लोडिंग रायफल आली. तिच्या गोळीचं कवच तांब्याचं, म्हणून अमोनियाचं सॉल्व्हंट. पॅच निळा निघाला की समजायचं आत तांबं आहे. पण पितळी-ब्रॉन्झ ब्रश वापरला तर ब्रशच निळा रंग सोडतो आणि माणूस उगाच नळी घासत बसतो. किती जणांना हे माहीत असेल?

आता लेपाविषयी, कारण सगळे तेच विचारतात.

मी तुम्हाला विचारलं होतं, की पोलिसांच्या रायफलींना क्रोमचं अस्तर असतं, तसं आपल्याला करता येईल का? तुम्ही सगळा पट उलगडलात. क्रोम कारखान्यातच विजेच्या मुलाम्यानं चढतं. एके-४७ सारख्या हत्यारात ते गंजाला आणि झिजेला उत्तम. पण थर सगळीकडे अगदी सारखा बसवणं अवघड, म्हणून नेमबाजीच्या अचूक नळ्या बहुतेक साध्या स्टीलच्याच ठेवतात. नायट्रायडिंगमध्ये तर थर नसतोच, भट्टीत नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरवतात. तेही आपल्या टेबलावर होणारं काम नाही. हातानं लावता येतील अशा वस्तू मोजक्याच. एकेकाळी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची मोठी लाट होती, गोळ्यांनाही ते चोपडायचे. पण उष्णता आणि ओलावा मिळाला तर त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन नळीला गंज लागेल ही भीती राहिली. सिरॅमिक जातीचे द्रव लेप येतात, ते लावून उष्णतेनं पक्के करावे लागतात. आणि तिसरं हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, पांढरी शुभ्र पूड, ग्राफाइटसारखीच थराथरांची, थर एकमेकांवरून सरकतात. मॉलिब्डेनमपेक्षा पुष्कळ जास्त उष्णता सोसते आणि त्यात गंधक नाही. चेहऱ्याच्या पावडरीत घालतात तीच ही वस्तू, हे ऐकून आमच्या मुली किती हसल्या होत्या!

तुम्ही पूड शुद्ध अल्कोहोलात कालवलीत. नळी आधी तेलाचा अंशही राहणार नाही इतकी पुसून घेतलीत. ओला पॅच फिरवून वाळू दिलात, पुन्हा फिरवलात, शेवटी कोरड्या घट्ट पॅचनं घोटून जादा पूड काढून टाकलीत. आणि मला समजावं म्हणून तुमच्या घरच्या मागाचं उदाहरण दिलंत. सुताला मागावर चढवण्याआधी खळ देतात, ती सुताला फणीत घासून तुटण्यापासून वाचवते. मळक्या सुतावर खळ नीट बसत नाही, तसंच हे. चादरीच्या गावात राहून यापेक्षा सोपं कुणी काय सांगेल?

चेंबरमध्ये लेपाचा थेंब जाऊ नये म्हणून तुम्ही किती जपलंत, ते सगळ्यांनी ध्यानात घ्यावं असं आहे. गोळी सुटताना काडतुसाची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते. तिथं निसरडं असेल तर बोल्टवर, म्हणजे काडतूस मागून अडवणाऱ्या दांड्यावर, जास्त धक्का येतो. लेप झाल्यावर चेंबर कोरडा पुसायचा, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड पाहायचा, आणि तो दोघांनी पाहायचा. आमच्याकडे आता त्याशिवाय रायफल लाइनवर जात नाही.

विचारणाऱ्यांना मी खरं तेच सांगते. ग्रुप परत आला तो मुख्यतः तुमच्या साफसफाईनं. लेपानं नेम सुधारत नाही, झिजलेला गळा भरून येत नाही, गंजापासूनही भरवशाचं संरक्षण मिळत नाही. पावसाळ्यात तेलाचा हलका हात लागतोच. पण लेपानंतर शिसं चिकटायचं खूप कमी झालं. काजळीचं कडं अजूनही धरतं, पण कोवळं असतानाच ओल्या पॅचनं सुटतं, ब्रशची वेळ क्वचित येते. घासणं कमी म्हणजे नळीचं आयुष्य जास्त. माझ्या मते टू-टूच्या नळ्या गोळ्यांपेक्षा रॉडनंच जास्त मरतात, आणि म्हणून लेपाचा खरा फायदा इथं आहे. पूर्ण साफसफाई केली की लेप निघतो, पुन्हा द्यावा लागतो. त्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, नळीत मेणाचा हात बसेपर्यंत. तुमच्या सांगण्यावरून मुलं त्या सायटिंगच्या, म्हणजे नेम जुळवून घ्यायच्या, वेळातच मारून घेतात, चिडत नाहीत. काडतुसाचा ब्रँड मध्येच बदलत नाहीत. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मेण मऊ पडतं म्हणून काडतुसांचा डबा पाण्याच्या माठाशेजारी सावलीत असतो.

अण्णा, तुम्ही पैसे घेतले नाहीत. रिक्षाचं भाडंसुद्धा नाही. रायफल शस्त्रागाराबाहेर न्यायची नाही हा नियम पाळून, गुडघा दुखत असताना स्वतः रेंजवर येत राहिलात. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. मुलींच्या हातात रॉड देऊन तुम्ही बाजूला उभे राहिलात. आठवीतली पोर चुकत असेल तर ओरडला नाहीत, तिचा हात थांबवलात आणि कारण सांगितलंत. आज त्याच मुली नव्या मुलांना क्राउन म्हणजे काय ते समजावतात. स्वतःला दोष देणारी मुलं आता गोळी भरकटली की आधी वही उघडतात, मागच्या साफसफाईनंतर किती राउंड झाले ते पाहतात आणि मग बोलतात. एवढा शांतपणा माझ्या शिकवण्यातून त्यांना आला नव्हता, तो तुम्ही दिलात. तुमचे उपकार मोठे आहेत आणि ते मी मनापासून मानते.

तुमची सगळी पद्धत मुलांनी मराठीत लिहून काढली आहे, शस्त्रागाराच्या दारामागे लावायची म्हणून. सॉल्व्हंट किती वेळ मुरू द्यायचं, या एका ओळीवर त्यांच्यात वाद आहे. येत्या रविवारी सकाळी या आणि तेवढं तपासून द्या. रिक्षा आम्ही पाठवतो, या वेळी नाही म्हणू नका.

आपली,
रेंजवरच्या मुलांची मॅडम