बाबांच्या उशाखालच्या गोळ्या

तीर्थरूप आई-बाबा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. आई, मोठ्यानं वाचून दाखव.

दिवाळीत आले तेव्हा बाबांच्या उशाखाली कंबरदुखीवरच्या ट्रामाडॉल गोळ्यांची पाकिटं सापडली आणि मी आकांडतांडव केलं. अफूच्या जातीचं औषध, तेही तीन वर्षं! सगळी पाकिटं घंटागाडीत गेली. मग बाबांना घाम, जुलाब, रात्रभर येरझारा. तुम्ही फराळाच्या तेलाला दोष दिलात. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं की हे गोळी एकदम तुटल्यामुळे होतंय, आणि मी गप्प बसले. मी नर्स, चूक कशी कबूल करणार? चौथ्या दिवशी बाबा मेडिकलमधून नवं पाकीट घेऊन आले, तेव्हा भांडलेही मीच. बाबा, माझं चुकलं.

लाज जास्त वाटते ती यासाठी की इथे अमेरिकेत, ओहायोत, माझं कामच अशा गोळ्या हळूहळू उतरवण्याचं आहे. २०१६ मध्ये सीडीसीनं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं, या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुष्कळ डॉक्टरांनी त्या कायद्यासारख्या राबवल्या. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांची चिठ्ठी एका भेटीत बंद! माणसं तळमळली, काही रस्त्यावर चोरून मिळणाऱ्या नशेच्या विषाकडे वळली. २०१९ मध्ये एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, बजावावं लागलं की असं अचानक तोडू नका; २०२२ च्या सुधारित सूचनांतही तेच आहे. म्हणजे जे निस्तरण्याचा मला पगार मिळतो, तेच मी घरी करून आले.

आमच्याकडे पोलाद कारखान्यातले एक निवृत्त आजोबा येतात. त्यांची कंबर म्हणजे बाबांचीच कंबर. खंबाटकीचा घाट नाही, एवढाच फरक. त्यांचा डोस महिन्याला साधारण दहावा हिस्सा उतरवतो. कधी ते म्हणतात, "या महिन्यात नको," मग थांबतो. दर भेटीला तीन प्रश्न असतात: आठवड्याभरात दुखणं दहापैकी किती, त्यानं जगण्यातली मजा किती घालवली, रोजची कामं किती अडली. पहिल्याचं उत्तर ते वर्षभर सातच देतात. पण तिसऱ्याचं आठावरून चारवर आलंय. अंगणातलं गवत आता स्वतः कापतात. मिनियापोलिसमध्ये २४० जणांवर वर्षभर अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. जुन्या कंबरदुखीत, गुडघेदुखीत या गोळ्या साध्या वेदनाशामकांहून सरस ठरल्या नाहीत. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. गोळी चुकली की दुखणं उसळतं, हा तुमचा अनुभव खराच आहे. पण त्यातलं किती कंबरेचं आणि किती शरीराला लागलेल्या सवयीचं, हे आतून ओळखता येत नाही. सवय लागली म्हणजे तुम्ही व्यसनी झालात असं नाही. तो शब्द मी वापरला, तोही परत घेते.

आता आई, तुझ्यासाठी. झोप येत नाही म्हणून तू त्यांना अल्प्राझोलामची अर्धी गोळी देतेस ना, तिची मला जास्त धास्ती आहे. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि बाबा तर घोरता घोरता मधेच थांबतात. पण तीही आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस, नाहीतर पुन्हा दिवाळी. या आठवड्यातच घरातली सगळी पाकिटं, माझ्यापासून लपवलेलीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१८ पासून ट्रामाडॉल आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. बाबांच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच आहे, तेव्हा ताप आला म्हणून वेगळी देताना तेही मोजायचं. पोट साफ होत नाही तेही या गोळीमुळेच असणार, नुसत्या इसबगोलावर भागवू नका. डॉक्टरांना विचारा. बाबा, यात लाजण्यासारखं काही नाही.

रविवारी फोन करते. किती दुखतंय ते विचारणार नाही. प्रीतिसंगमापर्यंत चालत गेलात का, ते सांगा. आई, काठी बरोबर दे. नको म्हणतील, तरी दे.

तुमची,
धाकटी