रोज एक पान लिही रे सोन्या

फेब्रुवारी 2022

प्रिय सोन्या,

हॉस्पिटलची नाईट संपवून आत्ताच रूमवर आले, झोपायच्या आधी तुला लिहायला बसले कारण परवापासून डोक्यात तेच चाललंय. मराठीच्या निबंधाचे फोटो पाठवलेस ना, ते झूम करून करून वाचले मी. पहिल्या सात-आठ ओळी छान, मग अक्षर खाली खाली उतरत गेलंय आणि शेवटची ओळ तर मला लागलीच नाही. फोनवर म्हणालास हात दुखतो. मी रागावले नाही रे, वाईट वाटलं. मार्च 2020 ला कोरोनामुळे शाळा बंद झाली तेव्हा तू आठवीत होतास, आठवड्याला एक रिफिल संपायची तुझी, आणि आता आजी सांगते जूनमध्ये आणलेल्या पाचातल्या चार तशाच डब्यात पडल्यात.

तुझी चूक नाहीये यात. रेंजसाठी डोंगरावरच्या सड्यावर जाऊन ऑनलाईन तास केलेस तू, पावसात छत्री धरून, ते मी विसरले नाही. पण नोट्स पीडीएफमध्ये येतात, टेस्टला पर्यायावर टिक करायची, राहिलं ते फोनला बोलून टाईप होतं, मग पेन हातात यायचंच कशाला? जानेवारीत परत शाळा बंद करायला लागल्या तेव्हा तर होतं तेवढं लिहिणंही सुटलं.

आता 15 मार्चला दहावीचा मराठीचा पेपर आहे, महिनाच राहिला. बोर्डाने यावेळी 70 ते 100 मार्कांच्या पेपरला अर्धा तास वाढवून दिलाय आणि 40 ते 60 वाल्यांना पाव तास, मुलांची लिहायची सवय मोडलीय म्हणूनच ना. म्हणजे मराठीला तीनाचे साडेतीन तास. पण सोन्या, पाऊण तासात हात भरून आला तर तो वाढीव अर्धा तास काय कामाचा, सांग.

मला पेपरपेक्षाही दुसरी काळजी आहे. लिहिताना माणूस थांबून विचार करतो, ते सुटायला नको. पहिल्या लाटेत पीपीई घालून आम्ही कोणी कोणाला ओळखत नव्हतो, पाठीवर मार्करने नाव लिहायचो, आणि ड्युटी संपली की पुढच्या पाळीच्या नर्ससाठी हँडओव्हर लिहायला बसायचं, कुठल्या पेशंटला किती ऑक्सिजन, कोण जेवलं नाही, कोणाच्या घरी फोन लावून द्यायचाय. अंग गळून गेलेलं असायचं, तरी लिहिता लिहिता आठवायचं की अरे, चार नंबरच्या आजींनी पाणी मागितलं होतं आणि माझ्याकडून राहिलं. नुसतं बोलून आले असते तर ते सुटलंच असतं. रूमवर आल्यावर वहीत आणखी चार ओळी लिहायचे, तुझ्याबद्दलच असायच्या बहुतेक. तुला इतके महिने बघितलं नव्हतं, त्या चार ओळींनी मला धरून ठेवलं.

म्हणून सांगते, रोज एक पान लिही, अभ्यासाचं वेगळं आणि हे वेगळं. सकाळी पडवीत बस, मोबाईल आत ठेव. पहिले आठ दिवस घड्याळ नको, हात दुखला की थांब, पेन घट्ट आवळू नकोस. नंतर मग वेळ लावून उपयोजित लेखनाचा एकेक प्रश्न सोडव, बातमी, जाहिरात, कथा. खाडाखोड झाली तर होऊ दे.

विषय नाही असं म्हणू नकोस. आजोबांची भाजावळ सुरू होईल आता, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची. शेण, कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला कसा पसरतात, वर मातीचा थर का देतात, आग कुठल्या बाजूने लावतात आणि का, त्यांना विचार आणि त्यांच्याच शब्दात लिही. मी एवढी वर्षं बघितलं आणि कधी विचारलंच नाही. आजी ओल्या काजूची उसळ करेल तेव्हा तिच्या बाजूला बसून तेही लिही, चीक लागून हाताची साल कशी जाते त्यासकट.

मामा शनिवारी गावी येतोय, त्याच्याकडे दोनशे पानी वही आणि तुझ्या आवडीची निळी पेनं दिलीत. रविवारी माझी सुट्टी आहे, संध्याकाळी फोन करेन, तेव्हा आजोबांना शेजारी बसव आणि भाजावळीचं पान वाचून दाखव, फोटो नको पाठवूस, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी,
आई