आधी सही, मग पत्र

ताइनान (तैवान),
रविवार, रात्री साडेदहा (तुमचे आठ)

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबा अजून ट्रंककॉल लावल्यासारखे बोलतात, "बरं, मजेत ना, ठेवतो", आणि आई कॅमेऱ्यासमोर फक्त कपाळ धरते. कपाळाशी काय बोलायचं? शिवाय मध्येच कुणी "अगं पण" म्हणालं की माझं पुढचं अडतं, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे.

तर आधी तेच सांगून टाकते. मंगळवारी मी इथल्या नोकरीच्या नव्या करारावर सही केली. पाच वर्षांचा आहे. दापोलीच्या जागेसाठी अर्ज केलाच नाही, शेवटची तारीख समोर दिसत होती आणि मी ती जाऊ दिली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही दोघं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता, आणि ते ऐकल्यावर माझ्याच्याने सही झाली नसती.

आई, लगेच डोळे पुसायला लागू नकोस. बाबा, रात्रीची गोळी घेतलीत? नसेल तर उठा, घ्या, मग पुढे वाचा.

अगदी मनानेच केलं असंही नाही. आई, तू सातेरीला कौल लावला असतास, मी इथल्या माझूला लावला. माझू म्हणजे इथली दर्यादेवी, समुद्र ओलांडून आलेल्या सगळ्यांची आई. तिच्या देवळात अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. प्रश्न मनात धरून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट पडले तर देवी हसतेय, तुझा प्रश्नच धड नाही. पहिल्यांदा ती हसली. मी विचारलं होतं, "आई-बाबा रागावतील का?" मग प्रश्न बदलला, आणि लागोपाठ तीनदा होकार आला. गुरवाऐवजी मीच होते एवढाच फरक.

आता बाबांच्या वहीतल्या कात्रणांकडे येते. टीव्हीवर नकाशा दाखवतात, त्यात चीन लालभडक आणि त्याच्या शेजारी आमचं बेट रताळ्याएवढं. आकार खरंच रताळ्याचा आहे, इथले लोक स्वतःही तसंच म्हणतात. उत्तर-दक्षिण लांबी ३९४ किलोमीटर, क्षेत्रफळ ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. त्यात मधोमध डोंगर असे की ३ हजार मीटरच्या वरची शिखरं दोनशेच्या पुढे आहेत. सगळ्यात उंच यूशान, ३९५२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पूर्वेला डोंगर सरळ पॅसिफिकमध्ये उतरतो, त्यामुळे २ कोटी ३० लाखांतली बहुतेक माणसं पश्चिमेच्या सपाटीवर दाटीने राहतात. कोकणासारखंच, फक्त समुद्र आपल्याच बाजूला ठेवून.

युद्ध होईल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही बाबा, आणि खोटा धीर देणार नाही. चीन आणि आमच्यामधली सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी १३० किलोमीटर आहे, विमानं येतात, सराव होतात. पण इथली माणसं सकाळी अंड्याची पोळी घेऊन कामाला जातात, १९९६ पासून स्वतः मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडतात आणि त्यावर जेवणाच्या टेबलावर आपल्यासारखीच भांडतात. त्यांच्याकडे पाहून मीही कामाला जाते.

आणि बाबा, हे गाव परकं वाटू नये याला जबाबदार तुम्हीच आहात. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून वेंगुर्ल्याच्या वलंदेजांच्या (डचांच्या) वखारीत कोण न्यायचं? छप्पर नाही, भिंतीतून झाडं आलेली, आणि तुम्ही छडीने दाखवायचात, "इथे माल, इथे साहेब, इथे तोफ." मी म्हणायचे, साप कुठे? इथे माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आनफिंगला त्याच वलंदेजांचा किल्ला आहे, झीलंडिया. तीच डच ईस्ट इंडिया कंपनी! १६२४ साली ते इथे उतरले, आणि पुढल्या दशकात आपल्याकडे वेंगुर्ल्याला वखार घातली. तिकडून गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची, इकडून चीन-जपानशी व्यापार. इथून हरणांची कातडी जहाजं भरभरून जपानला जायची. किल्ल्याची जुनी एक भिंत उभी आहे, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेली. विटांमधला चुना गुळाचा पाक, चिकट तांदूळ आणि कालवांच्या शिंपल्या कुटून केला म्हणतात. ते वाचलं आणि सिंधुदुर्गाच्या पायात ओतलेलं शिसं आठवलं. जवळच एका इंग्रज कंपनीची जुनी वखार आहे, ती तर पूर्ण वडाने गिळली आहे. लोक तिकीट काढून बघतात. आपल्या वखारीला कुणी तिकीट लावलं तर तुम्ही पहिले फुकट आत शिराल.

त्यांना इथून हाकललं कोशिंगाने. हा गडी तुम्हाला आवडेल. बाप चिनी दर्यावर्दी, आई जपानी, जन्म जपानातला आणि तोही नेमका १६२४ चा. १६६१ साली पंचवीसेक हजार माणसं घेऊन भरतीची वेळ साधली आणि जिथून मोठी जहाजं जात नाहीत असं वलंदेज समजत होते त्या उथळ खाडीतून आत घुसला. नऊ महिने वेढा. १ फेब्रुवारी १६६२ ला किल्ला खाली झाला आणि चारच महिन्यांत हा ३७ व्या वर्षी वारला. त्यानंतर दोन वर्षांनी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार, पण इतिहासाच्या तासाला मी दोघांना एका बाकावर बसवलं असतं. तुम्ही मला उठवून उभं केलं असतं, ते वेगळं.

इथली खरी मूळ माणसं मात्र या गोष्टींत मागे बसतात. ताइनानचा हा सपाट भाग सिराया लोकांचा. वलंदेज पाद्र्यांनी त्यांची भाषा रोमन लिपीत लिहिली. वलंदेज गेल्यावरही दीडशे वर्षं ही माणसं जमिनीचे करार त्याच लिपीत लिहीत राहिली. मग भाषा बोलण्यातून गेली. आता जुन्या करारांतून आणि बायबलच्या भाषांतरातून एकेक शब्द वेचून मुलांना शिकवतात. माझी घरमालकीण, जिला मी आमा म्हणते (आमा म्हणजे आजीच), तिची आजी सिराया होती. हे आमाला चाळिशी उलटल्यावर कळलं, घरात कुणी बोलायचंच नाही. आमा अठ्ठ्याऐंशीची आहे. पैसे जपानीत मोजते, कारण पहिली इयत्ता जपानी राजवटीतल्या शाळेत काढली. देवाशी तैवानीत बोलते. नातवंडांवर मँडरिनमध्ये ओरडते. युद्ध संपून जपानी गेल्यावर शाळेत तैवानी बोललं की दंड व्हायचा, तो ती अजून विसरलेली नाही. माझ्याशी ती हातवाऱ्यांत बोलते आणि रोज विचारते, जेवलीस का? त्यासाठी भाषा लागत नाही.

गावात मधोमध एक बाग आहे, तिथून मी बाजाराला जाते. १३ मार्च १९४७ ला तिथे थांग ते-चांग नावाच्या वकिलाला भर दिवसा गोळी घातली. त्या वर्षी २८ फेब्रुवारीपासून सरकारविरुद्ध लोक उठले होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत किती हजार माणसं मारली गेली याचा हिशेब आजही चालूच आहे. मग १९४९ ते १९८७, ३८ वर्षं मार्शल लॉ. आता त्या बागेला त्या वकिलाचं नाव आहे.

शेजारच्या आजोबांबद्दल सांगायचं राहूनच गेलं होतं, तेच खरं या पत्राचं कारण. ते गेल्या हिवाळ्यात गेले, पंचाण्णव वर्षांचे. चीनमधल्या शानतुंगचे. सतराव्या-अठराव्या वर्षी सैन्यात ओढले गेले आणि १९४९ मध्ये तिथल्या यादवीत हरलेल्या सरकारबरोबर बोटीतून इकडे आले. असे दहा लाखांहून जास्त लोक आले. वर्षभरात परत जाऊ असं सगळ्यांना वाटत होतं. पत्रसुद्धा पाठवता येत नसे. १९८७ च्या नोव्हेंबरात घरी जायची परवानगी मिळाली. ते पुढच्या वर्षी गेले तेव्हा आई नव्हती. बहीण होती. आणि आजोबा मला सांगायचे, हसून सांगायचे, की भेटीतले दोन दिवस त्या दोघांनी आई उंच होती की बुटकी यावर वाद घालण्यात घालवले. एकही फोटो नव्हता. दर रविवारी ते जिन्यात मला गाठायचे, "घरी फोन केलास?" मी हो म्हणायचे. कितीदा तरी केलेला नसायचा.

आता याच्याशी माझी तुलना करत बसू नका. आई, तू तर मुळीच करू नकोस. मी एक विमान बदललं की मोपाला उतरते. मार्चमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचले, हे मला माहीत आहे. ते दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत आणि तुम्ही कुणी त्याचा उच्चार करत नाही, म्हणून जास्तच राहिलेत. आई, तू तेव्हा एकटी त्या बाकावर बसली होतीस ना, डबा न उघडता?

असो.

आणखी एक कबुली. गेल्या वर्षी जुलैत दानास नावाचं टायफून आलं, तेव्हा मी "थोडा वारा आहे" म्हटलं होतं. थोडा नव्हता. एरवी टायफून पूर्वेच्या डोंगरावर आपटून नरम होतं, हे पश्चिमेकडून आमच्याच अंगावर आलं. छपरं गेली, विजेचे खांब आडवे, आमच्याकडे तीन दिवस अंधार. तौक्तेच्या वेळी तुम्ही "नारळाची दोन झावळं पडली" म्हणाला होतात आणि अख्खा माड गोठ्यावर पडला होता, हे मला अप्पाकाकांनी सांगितलं. तेव्हा फिटंफाट. भूकंपही होतात. फोन आधी किंचाळतो, मग जमीन हलते. माझी इमारत नव्या नियमांनी बांधलेली आहे, घर घेताना तेच आधी पाहिलं.

बाकी सगळं सुखाचं आहे. डॉक्टरकडे सरकारी विम्याचं कार्ड दाखवलं की काम होतं, १९९५ पासून इथे सगळ्यांना आहे, मलाही. घंटागाडी बीथोवनची धून वाजवत येते आणि आमासकट सारी गल्ली पिशव्या घेऊन पळते. मी ज्या शेतात मिरच्या-टोमॅटोची रोपं वाढवते, तिथलं पाणी १९३० साली हात्ता योइची या जपानी इंजिनीयरने बांधलेल्या वूशानथौ धरणाच्या कालव्याचं आहे. बांधला तेव्हा दीड लाख हेक्टर भिजवणारा कालवा, अजून चालू. जेवणाची तर काळजीच नको. इथल्या जेवणात साखर जरा सढळ, पण पेज आहे, मासे आहेत, जूनमध्ये लाल सालीचे आंबे आहेत (हापूसच्या पासंगाला नाहीत, हे आमाला सांगितलेलं नाही). आई, तुझी तिरफळं संपली तेव्हा चिनी दुकानात त्यांची चुलत बहीण मिळाली, ह्वाजियाओ. जीभ जास्त झिणझिणते, पण बांगड्याला चालते. आमाने दोन वाट्या भात खाल्ला आणि विचारलं, कुणी शिकवलं? मी तुझं कपाळ दाखवलं फोनवर.

आता नीट ऐका. जानेवारीत दोघांनी इकडे यायचंय. तेव्हा पाऊस नसतो, पहाटे १४-१५ अंश, आईने लोकरीची शाल घ्यावी. तिकिटं मी काढणार, "एवढे पैसे" हा विषय बंद. विमानतळाजवळच्या स्टेशनापासून ताइनानपर्यंत वेगवान रेल्वे आहे, दीड तासात पोचते, आईच्या गुडघ्याला त्रास नाही. तळमजल्याची खोली आमाने आताच झाडून ठेवली आहे. त्याआधी गुडघ्याचा एक्स-रे काढायचा, दसऱ्यानंतर म्हणालीस त्याला दोन दसरे झाले. मिठाच्या बरणीवर मी चिठ्ठी चिकटवली होती, ती कुणी काढली? बाबा, पानातली तंबाखू पूर्ण बंद. इथेही हिरवी सुपारी चुना-पानात घालून लोक चघळतात, रस्त्याकडेला दिवे लावून टपऱ्या असतात, आणि सरकार फुकट तोंड तपासून "सोडा, सोडा" म्हणून कानीकपाळी ओरडतं. तोंडं कशी होतात ते मी पाहिलंय. नुसती सुपारीही नको. हो, आपल्या बागेतली असली तरी.

सायकलवर वखारीपर्यंत जायला डॉक्टरांनी हरकत घेतलेली नसेल तर जा, पण उन्हाच्या आत परत या. आणि तिथून माझ्यासाठी एक फोटो काढा, उजवीकडच्या त्या खिडकीचा, जिथे मी साप शोधायचे. इथल्या भिंतीशेजारी ठेवून बघायचाय.

तुमची,
बाय

ता. क. आई, तिरफळं पाठव. वाळलेली, बिया काढून. आमाला हवी आहेत.