‘द विमेन’वरील चर्चेबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जॉर्ज क्युकर दिग्दर्शित १९३९ चा ‘द विमेन’ हा चित्रपट येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात दाखविण्यात येईल आणि त्यानंतर लगेच चर्चा होईल. चित्रपट सव्वादोन तासांच्या आसपास असल्याने प्रारंभ वेळेवर होईल.

पडद्यावर एकही पुरुष न आणता न्यूयॉर्कच्या धनिक स्त्रियांचे जग उभे करणाऱ्या या विनोदी चित्रपटाविषयी प्रेक्षकांत आजही दोन तट आहेत : काहींना रोझालिंड रसेलची चुगलखोर सिल्व्हिया आणि संवादांची धार मोहवते, तर काहींना नायिका मेरीने (नॉर्मा शिअरर) अखेरीस फसवणाऱ्या नवऱ्याकडे परतणे खटकते. कृष्णधवल चित्रपटात मध्येच येणारा रंगीत फॅशन शो अनेकांना कंटाळवाणा वाटतो (आणि ते अगदीच चूक नाही).

सभासदांनी कृपया पुढील बाबी पाळाव्यात :

१. बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावे. प्रत्येकास पाच मिनिटे मिळतील.

२. केवळ ‘आवडला’ किंवा ‘जुनाट वाटला’ एवढ्यावर न थांबता एखाद्या प्रसंगाच्या, उदाहरणार्थ जोन क्रॉफर्ड व नॉर्मा शिअरर समोरासमोर येतात त्या प्रसंगाच्या, आधारे मत मांडावे.

३. २००८ च्या पुनर्निर्मितीवर या वेळी चर्चा होणार नाही.

– सचिव