‘पर्याय नव्हता म्हणून’ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दूरदर्शनच्या जुन्या मालिकांवर पानभर लेख आला. छायाचित्रे छान होती, आठवणीही खऱ्या होत्या. पण लेखाचा समारोप वाचला आणि राग आवरेना. तेव्हा दुसरी वाहिनीच नव्हती, पर्याय नव्हता म्हणून लोक ते सगळे पाहत होते, असा लेखकाचा निष्कर्ष आहे. तो साफ चुकीचा आहे. आपल्या दैनिकात तो उत्तराविना राहू नये म्हणून हे पत्र.

पर्याय नसला तर माणूस फार तर टीव्ही चालू ठेवील. तो पदरमोड करून पोस्टकार्ड आणणार नाही आणि त्यावर उत्तर लिहून पेटीत टाकायलाही जाणार नाही. ‘सुरभि’ या सांस्कृतिक कार्यक्रमात प्रश्न विचारत, त्याच्या उत्तरांच्या पत्रांची पोती यायची, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. शिवाय ‘सुरभि’ चालली २००१ सालापर्यंत. झी टीव्ही १९९२ मध्येच आला होता, गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबत होत्या. पर्याय भरपूर होते, तरी लोक रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक या सूत्रसंचालकांसाठी थांबत. आणि २०२० च्या टाळेबंदीत? शेकडो वाहिन्या हाताशी असताना लोकांनी पुन्हा ‘रामायण’ लावले. १६ एप्रिलचा एक भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असे दूरदर्शननेच जाहीर केले होते. लेखकाने याचाही विचार करायला हवा होता.

त्या मालिका चांगल्या होत्या, कारण त्या चांगल्या व्हाव्यात म्हणून माणसे राबली होती. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी भारताच्या इतिहासावरच्या ‘भारत एक खोज’चे ५३ भाग केले. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने प्रत्येक भाग सुरू व्हायचा. नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरींचा औरंगजेब आम्ही घरातल्या छोट्या पडद्यावर पाहिले, आणि सदाशिव अमरापूरकरांना महात्मा फुल्यांच्या भूमिकेत पाहून त्यांच्या खलनायकी भूमिका विसरलो. हे बाजाराच्या हिशोबात बसणारे काम नव्हते. सरकारी पैशातून झाले, म्हणूनच होऊ शकले.

‘तमस’चा उल्लेख लेखात आहे, पण एका ओळीत. १९८८ मध्ये ती मालिका थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि दाखवायला हरकत नाही असा निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम ठेवला. फाळणीसारखा विषय भीष्म साहनींच्या कादंबरीतून आणि गोविंद निहलानींच्या दिग्दर्शनातून राष्ट्रीय वाहिनीवर आणायला हिंमत लागते. ती त्या वेळी कुणीतरी दाखवली. ‘पर्याय नव्हता’ म्हणून टाकताना आपण या माणसांचे श्रेय काढून घेतो.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या लेखात माहितीपटांबद्दल एक शब्द नाही. जणू दूरदर्शन म्हणजे फक्त मालिका! वास्तविक सार्वजनिक वाहिनीची परीक्षा माहितीपटांवरच होते. मालिकेला जाहिरातदार मिळतो, माहितीपटाला मिळत नाही. म्हणून तो खासगी वाहिनीवर क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच सार्वजनिक वाहिनीने तो दाखवायचा असतो. आणि इथे दूरदर्शनचा इतिहास अभिमानाचा नाही. भोपाळ वायुदुर्घटनेवरच्या ‘बियाँड जेनोसाइड’ या माहितीपटाला सुवर्णकमळ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तरी विषय कालबाह्य झाला, मांडणीत संयम नाही, अशी कारणे सांगून दूरदर्शनने तो नाकारला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नकार चुकीचा ठरवला. आनंद पटवर्धन यांच्या ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ या माहितीपटासाठीही २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच तो दाखवण्याचा आदेश द्यावा लागला. आपल्याच देशातल्या गोष्टी आपल्याच वाहिनीवर दिसाव्यात म्हणून दिल्लीच्या न्यायालयापर्यंत खेटे घालावे लागतात, याचे कुणालाच काही वाटत नाही का? दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या कायद्यात, १२ व्या कलमात, नागरिकांना सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. कायदा १९९० चा, अमलात यायला १९९७ साल उजाडले. माहितीपट बनवणारी सरकारी संस्था फिल्म्स डिव्हिजन, स्थापना १९४८ ची, तीही २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. माहितीपटासाठी जी काही घरे होती ती अशी कमी होत गेली.

आता माझ्या घरातले सांगते. माझी आई कुडाळजवळची. लहानपणी तिने पिंगुळीच्या ठाकर मंडळींचे चित्रकथीचे खेळ देवळात रात्रभर जागून पाहिलेले. एकेक चित्र पुढे सरकवत रामायण-महाभारतातली आख्याने गायची, ही ती कला. चित्रांच्या संचाला तिकडे पोथी म्हणतात. २०२१ मध्ये चित्रकथीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आईने वर्तमानपत्रातला फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. तो आजही तिथे आहे. तर मध्यंतरी गावाहून माझ्या मामेभावाचा फोन आला, "आत्येक विचार, काल पिंगुळीचा दाखवल्यानी ता बघितल्यान काय?" त्याच्या घरावर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रहसेवेची, छत्री आहे. दुपारी सहज टीव्ही लावला आणि चित्रकथीवरचा माहितीपट सुरू असलेला त्याला दिसला. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी आमच्या टीव्हीवर दूरदर्शनची ती वाहिनी शोधली, तर ती यादीतून गायब! केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, ते चॅनल कुणी बघत नाही, म्हणून काढलं." मी त्याला सांगितले की १९९५ च्या केबल कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणे तुला बंधनकारक आहे, कुणी बघते की नाही हा प्रश्न तुझा नाही. असा काही कायदा आहे हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. पुष्कळ फोन केल्यावर वाहिनी परत आली, तीही यादीच्या अगदी तळाला. आईची नजर आता अधू झाली आहे, एवढे खाली शोधत जाणे तिला जमत नाही. ती मला एकच विचारते, "परत कधी दाखवतले गो?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. कारण उद्या काय लागणार, हे आजकाल कुठेच छापून येत नाही.

एके काळी येत होते. मुंबई दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ नावाचा कार्यक्रम होता. येत्या आठवड्यात काय काय लागणार ते त्यात सांगत, आणि तो कार्यक्रमही लोक आवडीने पाहत. आई वहीत लिहून ठेवायची. त्या दिवशी स्वयंपाक लवकर, पाहुण्यांना आधीच निरोप. वार आणि वेळ ठाऊक असली की माणूस स्वतःला मोकळे ठेवतो. वार-वेळ न सांगता दुपारी दीड वाजता लावलेला माहितीपट दाखवला न दाखवला सारखाच. तो बनवायला ज्यांनी महिनोन् महिने डोंगर तुडवले, म्हाताऱ्या कलावंतांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, त्यांचे काम वाया जाते याचे मला फार वाईट वाटते.

आणि संपादक महोदय, यात आपलाही वाटा आहे. आपल्या दैनिकात शेवटून दुसऱ्या पानावर ‘आजचे दूरदर्शन’ असा चौकोन यायचा. तो आपण बंद केला. राशिभविष्य मात्र रोज येते, तेही अर्धे पान. जागा नाही, हे कारण त्यामुळे पटत नाही.

कुणी सांगेल की आता सगळे मोबाइलवर आहे. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वेव्ह्ज’ हे ॲप काढले आहे, जुने कार्यक्रम यूट्यूबवरही टाकले जातात. चांगलेच आहे. पण ॲप उघडायला फोन लागतो, नेट लागते आणि काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या हत्तींवरच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या आपल्याच माहितीपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. तो नेटफ्लिक्सवर होता, म्हणजे महिन्याचे पैसे भरणाऱ्यांसाठी. ज्यांच्या घरावर फक्त फ्री डिशची छत्री आहे, ज्यांना दरमहा काही भरायला परवडत नाही, त्यांनी आपल्या देशावरचे माहितीपट कुठे पाहायचे? त्यांच्यासाठी दूरदर्शनच आहे, दुसरे काही नाही.

माझे मागणे मोठे नाही. सह्याद्री वाहिनीने आठवड्यातला एक वार आणि रात्री नऊच्या आतली एक वेळ माहितीपटासाठी कायमची राखून ठेवावी. काहीही झाले तरी ती हलवू नये, क्रिकेटसाठी नाही आणि पुरस्कार सोहळ्यांसाठीही नाही. दाखवण्याजोगे माहितीपट नाहीत असे कुणी म्हणू नये. फिल्म्स डिव्हिजनचा सगळा साठा आहे, आणि दरवर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे माहितीपट आहेत. आणि आपण तो चौकोन पुन्हा सुरू करावा. पूर्ण वेळापत्रक नको, रोजची दोन ओळींची सूचना पुरे.

पिंगुळीच्या चित्रकथीवरचा तो माहितीपट सार्वजनिक वाहिनीवर पुन्हा केव्हा लागणार आहे, हे आपल्या कुणा वाचकाला ठाऊक असल्यास त्याचे उत्तर कृपया याच सदरात छापावे. वार आणि वेळ दोन्ही छापावी, म्हणजे आईला वहीत लिहून ठेवता येईल.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली