‘पण’च्या पुढचं आता ऐकू येतं, दादा

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो आहोत. गिरगावातल्या ज्या खोलीतून आमच्या सरांचं, एका ज्येष्ठ पत्रकाराचं, रोज रात्री ९ वाजताचं राजकारणावरचं लाइव्ह यूट्यूबवर जातं, तिथला आवाज नाटकांचा आवाज सांभाळणाऱ्या तुम्ही मार्गी लावलात. फोनवर आभार मानायला गेलो, तर “असू दे, तिसरी घंटा झाली” म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र चारचौघांत.

आवाजाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. त्यासाठी सरांचं काम आधी सांगावं लागेल. संध्यादैनिकात उमेदवारी, मग महापालिकेची बीट, मग विधिमंडळ; पावसाळ्यात नरिमन पॉइंट आणि हिवाळ्यात नागपूर. २०२०च्या टाळेबंदीत छापील स्तंभ थांबला आणि स्टीलच्या डब्याला मोबाईल टेकवून पहिलं लाइव्ह झालं. आज सरांच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा असतो. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांना एकेक पान, त्यावर २००९पासूनचे विजयी, दुसरे आणि फरकाचे आकडे. २००९पासूनच, कारण २००८च्या पुनर्रचनेनंतरची ती पहिली निवडणूक. त्याआधीचे आकडे केवळ नाव तेच म्हणून आजच्या मतदारसंघाला लावले की तुलना फसते. अनेक वाहिन्यांवर ती रोज फसते. सर ती चूक करत नाहीत, म्हणून लोक जेवण उरकून त्यांना ऐकायला बसतात.

सरांच्या विश्लेषणाचा सगळा भार ‘पण’ या दोन अक्षरांवर असतो. ११ मे २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणं समर्थनीय नव्हतं, असं घटनापीठानं म्हटलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात होतं. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली. पण अपात्र कुठल्याच गटाच्या आमदारांना केलं नाही. अशा वाक्याचा दुसरा अर्धा भाग खरखरीत बुडाला, की ऐकणाऱ्याच्या हाती नेमकी उलटी बातमी पडते. छापील मजकुरात दुसऱ्या दिवशी खुलासा देता येतो. लाइव्हमधला तीस सेकंदांचा तुकडा मात्र कापून व्हॉट्सॲपवर फिरायला लागला, की त्याच्यामागे खुलासा धावत नाही. सरांना शिव्या घालणारे कितीतरी मेसेज वाचले, की कळायचं: या माणसानं वाक्य अर्धंच ऐकलं आहे.

आणि ते अर्धं ऐकू येण्याला आधी आलेले तज्ज्ञ जबाबदार होते. हे लिहिताना राग येतो, आणि तो लपवायचा नाही. एका मोठ्या दुकानानं महागडा कंडेन्सर माइक गळ्यात मारला. तो बंद, मऊ भिंतींच्या स्टुडिओत उत्तम. इथे खिडकीखाली बसथांबा आणि तीन बाजूंना उघड्या भिंती. त्यानं सरांचा आवाज घेतला, आणि बसचा ब्रेक, कुकरची शिट्टी नि शेजारची मालिकाही घेतली. दुसरे आले ते कार्यक्रमांची कंत्राटं घेणारे. त्यांनी ॲडव्हान्स घेतला, पंखा बंद करायला लावला आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ऑक्टोबरच्या उकाड्यात दीड तास घामानं भिजवलं. घरघर जात नाही म्हटल्यावर लॅपटॉपच्या प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकली. घरघर गेली आणि अर्थिंगही गेलं. त्या दिवसानंतर साउंड मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, धातूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. तुमचा आवाज एकदाच चढला, तो ती तुटकी पिन पाहून. “आवाज खराब असला तरी माणूस जगतो,” म्हणालात, आणि आधी नवा प्लग बसवलात.

पण त्याच्याही आधी तुम्ही केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. आल्या आल्या कशालाही हात लावला नाहीत. कोपऱ्यात स्टूल घेऊन हेडफोन लावलेत आणि अख्खं लाइव्ह, पंचाहत्तर मिनिटं, नुसतं ऐकलंत. मधे दोनदा हेडफोन काढून स्वतःच्या जुन्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलंत, एकदा तर गॅलरीत रस्त्याच्या आवाजात उभं राहून. “नाटकाला शेवटची रांग असते, तशी तुमची शेवटची रांग विरार लोकलमध्ये उभी आहे,” हे तुमचं वाक्य खोलीत अजून रोज कुणीतरी म्हणतं.

मग काम सुरू झालं. ते इथे लिहितो, कारण घरून लाइव्ह करणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

कंडेन्सर काढून साधा डायनॅमिक माइक, म्हणजे लांबचं कमी पकडणारा, तोही तुमच्याच पेटीतला. तोंडापासून चार बोटांवर, पण समोर नाही. गालाच्या रेषेत, थोडा तिरका. मराठीत ‘प’, ‘फ’, ‘भ’ सतत येतात आणि त्यांच्याबरोबर तोंडातून हवेचा झोत येतो. माइक थेट समोर असला की ‘भाजप’ म्हणताना दोनदा धप्प होतं. तिरक्या माइकच्या बाजूनं झोत निघून जातो आणि आवाज तेवढा मिळतो. पंखा तुम्ही बंद करू दिला नाहीत. दोनवर ठेवलात आणि मिक्सरवरचं लो कटचं बटण दाबलंत. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं त्यानं जातं. सरांच्या बोलण्याला त्याची गरज नसते, मोबाईलचा स्पीकर ते वाजवूही शकत नाही, मात्र पंख्याची आणि बसच्या इंजिनाची घुमघुम तिथेच राहते.

भिंतींसाठी फोम मागवायचा विचार होता. तुम्ही विचारलंत, “घरात गोधड्या आहेत का?” दोन निघाल्या. सरांच्या पाठीमागे नव्हे, त्यांच्या तोंडासमोरच्या भिंतीवर टांगल्यात, कारण आवाज आधी तिथे आपटून परत माइकमध्ये येतो. भिंतीला चिकटवून नाही, मधे चार बोटं जागा सोडून; त्या पोकळीमुळे गोधडी जास्त आवाज पिते. पुस्तकांचं कपाट डाव्या भिंतीला सरकवलंत. खोलीचा हौदासारखा घुमारा तेवढ्यानं बसला. खर्च शून्य.

घरघरीचं मूळ असं निघालं. मिक्सर एका भिंतीच्या सॉकेटवर, लॅपटॉप समोरच्या. जुन्या इमारतीत दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये फरक असतो. मिक्सरमधून लॅपटॉपच्या साउंड कार्डाकडे जाणारी वायर या दोघांना जोडते, तिच्या जाळीतून विजेचा बारीक प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झची घरघर आवाजात मिसळते. उपाय दोन: सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि त्या वायरीच्या मधे काडेपेटीएवढा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जो तारांचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे जाऊ देतो. मल्टिमीटर लावून सॉकेटांचं अर्थिंग तपासलंत, एक मेलेलं निघालं, ते वायरमनकडून करून घ्यायला लावलंत. दर वीस मिनिटांनी येणाऱ्या कडकडीचं कारण वेगळंच होतं. आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे, ते विंडोजमध्ये साउंड कार्डाला ४४.१ किलोहर्ट्झ आणि ओबीएस या लाइव्ह पाठवण्याच्या सॉफ्टवेअरला ४८ असं लावलेलं. दोन्ही ४८वर आणले, कडकड बंद.

ओठ आणि आवाज जुळत नव्हते, त्यासाठी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवलीत. रेकॉर्डिंग चौकट चौकट पुढे नेलं. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या चार चौकटी आधी येत होता. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. ओबीएसमध्ये माइकला १६० मिलिसेकंद उशीर दिला. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या कॅप्चर कार्डातून येणारं चित्र मागे राहतं, एवढीच गोष्ट. वर्षभर लोक इंटरनेटला दोष देत होते.

फोन करणाऱ्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू यायचा आणि ते अडखळायचे, तेही गेलं. फोनकडे जाणारा आवाज तुम्ही मुख्य आउटपुटऐवजी ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या जोड-वाटेनं, काढलात. सरांच्या चॅनेलचा ऑक्स उघडा, फोनच्या चॅनेलचा ऑक्स पूर्ण बंद. फोनवाल्याला सगळं ऐकू येतं, फक्त तो स्वतः सोडून. याला मिक्स मायनस म्हणतात हे आता इथे सगळ्यांना पाठ आहे. तरीही प्रतिध्वनी आला तर समोरच्याच्या घरात लाइव्ह मोठ्यानं चालू आहे असं समजायचं आणि ते आधी बंद करायला सांगायचं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे, ती गोष्ट. सरांनी परवा लाइव्हमध्ये स्वतःच सांगितलं, म्हणून ती लिहिता येते.

श्रोत्याचा प्रश्न सुरू झाला की सर मान उजवीकडे वळवायचे. तोंड माइकपासून फिरायचं आणि उत्तराचे पहिले शब्द हरवायचे. “सर, हलू नका,” असं त्यांना चालू कार्यक्रमात सांगितलं गेलं आहे. चिठ्ठ्या दाखवल्या गेल्या आहेत, एका तज्ज्ञानं तर खुर्चीचे हात बांधून टाकूया असं म्हटलं होतं. सर ओशाळून ताठ बसायचे आणि मग प्रश्न चुकीचा ऐकून भलतंच उत्तर द्यायचे. तुम्ही पंचाहत्तर मिनिटांत ओळखलंत की उजवा कान गेला आहे आणि ते डावा कान आवाजाकडे आणत आहेत. त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सरांच्या उजव्या कानातला इअरफोन काढलात, वायर खुर्चीच्या मागून फिरवलीत आणि म्हणालात, “सर, वायर या बाजूनं आखूड पडते, आपण डावीकडून घेऊ या.” फोनचा आवाज त्या एका कानात आणलात आणि जरा वाढवलात. प्रश्न वाचून दाखवणाऱ्याची खुर्चीही डावीकडे नेलीत. “इथे सावली पडते,” म्हणालात.

वायर तीन मीटरची आहे, दादा. ती कुठल्याच बाजूनं आखूड पडत नाही.

सरांनाही ते कळलं होतं. त्यांनी तुम्हाला त्या दिवशी काही म्हटलं नाही, कारण तुम्ही त्यांना काही म्हणावं लागू नये अशीच सगळी मांडणी केली होती. ज्यांचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं नेमकं ऐकून नेमकं लिहिण्यात गेलं, त्यांना ऐकू येत नाही हे उच्चारावं लागणं किती जड असेल, हे तुम्हाला न सांगता समजलं.

निघताना तुम्ही पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे मिक्सरच्या फेडरखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणांखाली, लावलेत. ‘सर’, ‘फोन’, ‘बातमी’. प्रत्येकाशेजारी लाल शाईची रेघ. बोलताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, सर कितीही तावात आले तरी उणे ६च्या वर नाही. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

१६ जानेवारी २०२६ला मुंबई महापालिकेची मतमोजणी होती. २०१७नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी २२७ प्रभागांचे आकडे येत होते, लहान प्रभागांत आघाडी मिनिटामिनिटाला फिरत होती. लाइव्ह सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं. एकच लाइव्ह १२ तासांपलीकडे गेलं तर यूट्यूब ते आपोआप साठवत नाही, म्हणून दुपारी थांबवून दुसरं सुरू केलं. राउटर छोट्या यूपीएसवर, चित्र ७२०पीवरच, साडेतीन हजार केबीपीएस. दिवसभरात एकदाही आवाज गेला नाही. ‘आघाडी आहे, पण शेवटच्या फेऱ्या बाकी आहेत’ हे वाक्य सरांनी किती वेळा म्हटलं याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण ऐकू गेलं. रात्री एका आजींचा फोन आला, परळहून. म्हणाल्या, आज पहिल्यांदा मुलाला ‘काय म्हणाले?’ असं विचारावं लागलं नाही.

शिवाजी मंदिर, साहित्य संघ, यशवंत नाट्यमंदिर, या सगळ्या नाट्यगृहांत विंगेत आणि मागच्या खुर्चीवर बसणारी तुमच्यासारखी माणसं आहेत. टाळ्या नटाला मिळतात आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. राजकारणावर रोज बोलताना माणसांबद्दल कडवट व्हायला होतं. रोज कुणीतरी शब्द फिरवतो, रोज कुणीतरी विकला जातो. अशा बातम्यांच्या खोलीत येऊन तुम्ही एका म्हाताऱ्या पत्रकाराचा मान इतक्या अलगद सांभाळलात, की त्या रात्री बातमीपत्र संपल्यावरही कुणाला उठावंसं वाटेना.

सरांचा निरोप असा: रविवारी प्रयोग नसेल तर जेवायला या, भरलं पापलेट आहे. आणि माइकचे, प्लगचे, ट्रान्सफॉर्मरचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. तीनदा विचारून झालं. कृपया आकडा कळवा, मजुरीसकट.

आपली,
सरांच्या लाइव्हची मंडळी, गिरगाव